तान्ह्या बाळाचा प्रवास

समजा, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून एक मोटार मालवणकडे निघाली आहे. मोटारीत चार दिवसांचे बाळ, त्याची आई आणि आजी आहेत. घरी माजघरात पाळणा टांगून तयार आहे. भाकरतुकडा ओवाळण्यासाठी दारात माणसे वाट पाहत आहेत. कसाल मागे पडते आणि रस्ता वळणे घेत समुद्राकडे उतरू लागतो. बाळ आपल्या लहानशा खुर्चीत गाढ झोपले आहे. ते रडत नाही, म्हणून सर्व निश्चिंत आहेत. परंतु आजीची दृष्टी बाळावर खिळलेली आहे. बाळाची मान पुढे कलली आहे आणि हनुवटी छातीला टेकली आहे. आजी तत्काळ मोटार थांबविण्यास सांगते.

आजीला भय कशाचे वाटले?

नवजात बाळाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे एक अष्टमांश असते. बाळाचे डोके मात्र त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. एवढा भार तोलण्याचे बळ त्याच्या मानेत अद्याप आलेले नसते. त्याची श्वासनलिका अवघी काही मिलिमीटर रुंद व अतिशय मऊ असते. शिवाय ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते. माडांना शिंपणे करताना रबराची नळी मध्येच दुमडली, तर पाण्याची धार थांबते. बाळाची मान पुढे पडली म्हणजे हवेच्या वाटेचे असेच होते. मोठा माणूस अशा वेळी मान सावरतो. बाळाला ते जमत नाही, आणि श्वास अडल्यावर रडण्यापुरती हवाही त्याच्याजवळ उरत नाही. म्हणून हे संकट निःशब्द असते.

मग बाळाला खुर्चीत बसवूच नये काय? तसे नाही. मोटार अकस्मात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. अशा वेळी आईचे हात कितीही मायेचे असले, तरी ते बाळाला धरून ठेवू शकत नाहीत. यासाठीच पट्टे असलेली खास खुर्ची निघाली. तिला कार सीट म्हणतात. आपल्या देशात 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार 14 वर्षांखालील मुलांना मोटारीत पट्ट्याने किंवा अशा साधनाने सुरक्षित न बसविल्यास 1000 रुपये दंड होतो. हा पाठ वाचणाऱ्या मुलांनाही हा नियम लागू आहे!

खुर्ची योग्य रीतीने वापरली, तर ती बाळाचे रक्षण करते. ती मागील आसनावर, बाळाचे तोंड मोटारीच्या मागील बाजूस येईल अशी बसवावी. डोके पुढे पडणार नाही इतकी ती मागे कललेली असावी. पट्टे अंगाला नीट बसलेले असावेत; पट्टा आणि अंग यांच्यामध्ये जाड दुपटे नसावे. बाहेर पावसाची झड असली, तरी बाळाचे तोंड झाकू नये. एका जाणत्या माणसाने बाळाशेजारी बसून त्याच्यावर लक्ष ठेवावे. मुंबईपर्यंतचा लांबचा प्रवास असेल, तर वारंवार थांबून बाळाला बाहेर घ्यावे.

मुक्कामी पोचल्यावर मात्र बाळाला त्या खुर्चीत झोपू देऊ नये. बसण्याच्या निरनिराळ्या साधनांत झोपेत दगावलेल्या बाळांचा एक अभ्यास अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक बाळे कार सीटमध्ये होती. पण ती खुर्ची सांगितल्याप्रमाणे वापरल्याची उदाहरणे शेकडा दहाहूनही कमी होती. दोष खुर्चीपेक्षा तिच्या वापराचा अधिक होता. साडीच्या झोळीत बाळाचे अंग वाकते, तेव्हाही हाच धोका असतो. बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे, हे उत्तम. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला प्रवासास नेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

श्वासाकडे लक्ष देण्याचे मोल महाराष्ट्राने पूर्वीच जाणले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकविले. तेथील नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशाताई घरोघर जाऊन बाळाचा श्वास मोजतात. मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो; नवजात बाळ 30 ते 60 वेळा. शांत असतानाही श्वास साठ किंवा त्याहून अधिक भरला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळे पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता बाळाला रुग्णालयात न्यावे. त्यासाठी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

इकडे मोटार माडांच्या सावलीत थांबली आहे. आईने बाळाला उचलून घेतले आहे. त्याची मान सरळ होताच लहानशी छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली आहे. खुर्ची मागे कलवून नीट बसविल्यावरच मोटार पुढे निघते. आता आजीबरोबर आईचीही दृष्टी बाळाच्या हनुवटीवर आहे.