फाइव्ह पॉइंट ओ: दाब वाढवण्याच्या दिवसांचा मागोवा

१९८६ साली फोर्डने मस्टँगच्या ‘फाइव्ह पॉइंट ओ’ इंजिनावरचा कार्ब्युरेटर काढला आणि आठ सिलिंडरांना आठ इंजेक्टर दिले. (इंजिन खरं तर ४.९४ लिटरचं, पण नावाला कोण मापात धरतो!) हौशी मंडळींची मात्र पंचाईत झाली. कार्ब्युरेटरच्या काळात पेट्रोल वाढवायचं तर मोठा जेट बसवायचा, प्लगचा रंग बघायचा, झालं. आता पेट्रोल किती सोडायचं हे बंद डब्यातला कॉम्प्युटर ठरवू लागला आणि त्याच्या पोटातले तक्ते बदलायची सोय साध्या गॅरेजकडे नव्हती.

हात पोचेल अशी एकच जागा उरली, रेग्युलेटर. इंजेक्टरच्या रेलमध्ये सुमारे ३९ पीएसआय दाब राखून उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. मूळचा काढून स्क्रूवाला बसवायचा आणि स्क्रू आवळायचा. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो, पण दाब जास्त म्हणून पेट्रोल जास्त येतं.

फक्त स्क्रू आवळणाऱ्याच्या अपेक्षेएवढं येत नाही. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३९ चा दाब ४७ वर नेला, म्हणजे वीस टक्के वाढवला, तरी पेट्रोल वाढतं साडेनऊ टक्के. दुप्पट हवं असेल तर दाब चौपट करावा लागतो. हे गणित स्क्रूच्या प्रत्येक आट्यामागे उभं असायचं.

सुपरचार्जर आले आणि या गणिताचा कस लागला. मूळ इंजेक्टर तासाला १९ पौंड पेट्रोल देणारे. २२५ अश्वशक्तीच्या इंजिनाला बेताचे. हवा कोंबून भरायची तर पेट्रोलही तेवढंच वाढायला हवं. व्होर्टेकसारख्या सुपरचार्जरच्या कंपन्यांनी यावर एक डबी दिली, एफएमयू. बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, वाढला की ती परतीची नळी चिमटीत धरायची. दहास एक प्रमाणाची चकती असेल तर ८ पीएसआय बूस्टला रेलचा दाब ८० पीएसआयने चढायचा. ढोबळ हिशेबाने १९ पौंडांचा इंजेक्टर ३२ पौंडांचं काम करू लागायचा. जुगाडच, पण डोकेबाज जुगाड.

घात व्हायचा तो पंपाकडून. दाब वाढेल तसा विजेच्या पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे पेट्रोलची गरज सर्वांत जास्त तेव्हाच पंपाची दमछाक. हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन नॉक करू लागतं आणि पिस्टन जातो. वर दाबाचा काटा काही मिश्रणाची खबर देत नाही. मूळचा ऑक्सिजन सेन्सर १४.७ ला १ या प्रमाणाच्या आसपासच खात्रीने बोलतो. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण नेमकं किती हे दाखवणारे वाइडबँड मीटर हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागले ते २००० नंतर.

दुसरी वाट फोर्डनेच नकळत उघडली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियासाठी आणि १९८९ पासून सगळीकडे या मस्टँगला येणारी हवा मोजणारं मीटर मिळालं. मग ३० पौंडांचे इंजेक्टर बसवायचे आणि मीटरच असं घ्यायचं की शंभर भाग हवा आली तरी त्याने त्रेसष्टच सांगावी. कॉम्प्युटर त्रेसष्टच्या हिशेबाने इंजेक्टर उघडतो, मोठ्या भोकातून पेट्रोल मात्र शंभरच्या हिशेबाने येतं. पण खोटं एका खात्यापुरतं राहत नाही. इग्निशनचं टायमिंगही त्याच आकड्यावर बेतलेलं. इंजिनावर भार कमी आहे अशी समजूत होऊन कॉम्प्युटर ठिणगी लवकर टाकायचा, आणि बूस्टवाल्या इंजिनाला नेमकं तेच सोसत नाही.

कॉम्प्युटरला फसवण्यापेक्षा त्याला शिकवणं बरं, हे कळायला वेळ गेला; ती सोय स्वस्तात मिळायला त्याहून जास्त. २००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट आणला, घरी सोल्डर करून जोडायचा इंजिन कॉम्प्युटर. आता इंजेक्टरचं माप सरळ आकड्यात लिहिता आलं. त्यासोबत आजवर दडलेली एक बाब तक्त्यात आली. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद फुकट जातो. बॅटरी उतरली किंवा रेलचा दाब चढला की आणखी. ६००० आरपीएमला दोन फेऱ्यांचे २० मिलिसेकंद हाताशी असतात, तिथे हे खपून जातं. आयडलला मोठा इंजेक्टर जेमतेम दोन मिलिसेकंद उघडतो, आणि गाडी गचके खाते. दाब बदलला की हा आकडाही बदलतो, म्हणून नुसता स्क्रू आवळून ट्यूनिंग कधीच पुरं होत नव्हतं.

आज दाब वाढवणं हे कारखान्याचंच काम झालं आहे. २०१८ च्या मस्टँगच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात फोर्डने प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक थेट सिलिंडरमध्ये प्रचंड दाबाने फवारणारा आणि दुसरा इनटेक पोर्टमधला, जुन्याच पद्धतीचा कमी दाबाचा. ते इंजिन ४६० अश्वशक्तीचं आहे, आणि नाव अजून फाइव्ह पॉइंट ओ.