खांद्यावर पांघरलेला मान

2003 साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात राहणाऱ्या कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकमध्ये हम्वी गाडीवर गनर होता. गनर म्हणजे गाडीच्या छतातून अर्धा बाहेर निघून बंदूक सांभाळणारा. आईची झोप उडाली यात नवल नाही. त्या दिवसांत त्यांना एक स्वप्न पडलं: पलंगाच्या काठावर खांदे पाडून बसलेला, पार खचलेला एक तरुण सैनिक आणि मग तोच तरुण, अंगाभोवती गोधडी लपेटलेला, जरा सावरलेला. स्वप्नं काय, सगळ्यांनाच पडतात. बाईंनी मात्र शिवणाऱ्या बायका जमवायला घेतल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात, इराकमध्ये पाय गमावलेल्या एका जवानाला पहिली गोधडी मिळाली. ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ या त्यांच्या संस्थेने आजवर तीन लाखांहून अधिक गोधड्या दिल्या आहेत.

आपली गोधडी आजीच्या विरलेल्या लुगड्यांची आणि घरातल्याच कुणासाठी शिवलेली. तिकडे कापड कोरं सुती, आणि ज्याच्यासाठी शिवायचं तो बहुतेक वेळा अनोळखी. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मध्ये भरणाचा पातळ थर, खाली अस्तर. खरी मेहनत या तिन्हींना एकजीव करणाऱ्या टाक्यांत. जागोजागी दोऱ्याच्या गाठी मारून काम उरकलेलं संस्थेला चालत नाही. हाताने असो वा मशीनने, टीप हवीच. पुष्कळदा तुकडे एक बाई जोडते आणि टीप भलत्याच गावची दुसरी बाई घालते, कारण त्यासाठीचं लाँगआर्म मशीन अख्खी खोली अडवतं. साध्या मशीनवर आपण सुईखालून कापड सरकवतो. इथे कापड लांबलचक चौकटीवर ताणलेलं असतं आणि मशीनच त्याच्यावरून फिरवायचं. शेवटी चहूबाजूंनी गोट आणि मागे नावाची पट्टी. माप साधारण पाच फूट बाय साडेसहा फूट.

लाल, पांढरा, निळा हे रंग आणि चांदण्या आवडीच्या. पण हुबेहूब राष्ट्रध्वज पांघरायचा नाही: ध्वजाचा अंथरूण-पांघरूण म्हणून वापर करू नये, असं तिथली ध्वजसंहिता सांगते.

सैनिकांसाठी शिवणं तिथे नवं नाही. यादवी युद्धात बायकांनी छावण्यांसाठी आणि इस्पितळांसाठी गोधड्यांचे ढीग पाठवले होते. पहिल्या महायुद्धात लोकांनी थोडे पैसे भरायचे, त्यांचं नाव गोधडीवर भरतकामाने उमटायचं आणि जमा झालेली रक्कम रेडक्रॉसला जायची. त्या गोधड्या म्हणजे मदत होती. ही संस्था मात्र गोधडी प्रदान करते. वापरातला शब्दही तोच, पदकासाठीचा. कुणीतरी नाव सुचवतं, पत्नी, मुलगी, जुना सोबती. मग छोटा समारंभ होतो: नाव पुकारतात, कुठे आणि केव्हा सेवा केली ते वाचून दाखवतात, आणि दोघंजण गोधडी उलगडून त्या माणसाच्या खांद्यांवरून पांघरतात. पोस्टाने आलेल्या खोक्याला ही सर नाही.

असं मानाने पांघरणं सगळ्यात जास्त लागू पडलं असेल ते व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांना. 1973 मध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या तेव्हा लोकांचा युद्धावरचा राग परतणाऱ्या पोरांवरही निघाला. त्यांतले कितीतरी सक्तीच्या भरतीने गेलेले. मिरवणूक दूरच, गणवेशावर हिंडायचीही चोरी. ती पोरं आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

गोधडीने पेन्शनची फाइल हलत नाही की रात्रीची दचकून येणारी जाग थांबत नाही, आणि अशा समारंभांत देशभक्तीचा पाक जरा घट्टच होतो, हे मान्य. तरी एक गोष्ट मला पटते. पदक पराक्रम मोजून मिळतं. गोधडीला प्रतवारी मात्र नाही: युद्धाची झळ लागलेला मुदपाकातला आचारी असो की वैमानिक, दोघांना सारखीच.

शिवणाऱ्यांची कुमक मात्र सतत लागते. म्हणून फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी देशभर जागोजागी मशीनं मांडून एकत्र शिवायला बसतात, आणि नवख्या माणसाला तुकडे कापण्यापासून गोट लावेपर्यंत शिकवायला एखादी मुरलेली बाई जोडून देतात.