विद्यापीठ तुमच्या खिशात बसतं का?

ॲप काय, कुणीही काढेल! उरवड्याच्या मुलीला बसमध्ये उभ्या उभ्या हॉल तिकीट मिळालं, तरच म्हणायचं विद्यापीठ ‘मोबाइल’ झालं...

लवासाला लाँग ड्राइव्हला निघालात आणि पिरंगुटहून आत वळलात, की थोड्याच वेळात उरवडे लागतं. आपल्याला घाई असते घाटाची, गरमागरम भज्यांची आणि फोटोंची. त्यामुळे उरवडे म्हणजे पाटीवरचं एक नाव, बस्स! पण इथली कॉलेजची मुलं नेमकी उलट दिशा पकडतात. पिरंगुट, नाहीतर थेट कोथरूड.

शेजारच्या लवळ्यात सिम्बायोसिस आणि फ्लेमचे देखणे कॅम्पस आहेत. साध्या बीए-बीकॉमला जाणाऱ्यांचं विद्यापीठ मात्र गणेशखिंडीतलं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. १९४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं येतात. परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, मार्कशीट... गावातल्या विद्यार्थ्याची आणि विद्यापीठाची गाठ पडते ती एवढ्यापुरतीच. आणि ती पडते कुठे? हातातल्या मोबाइलवर!

मग विद्यापीठानं मोबाइलसाठी नेमकं करायचं काय? मीटिंगमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘एक मस्तपैकी ॲप काढू या.’ इथेच जरा थांबायला हवं.

आधी वेब, मग ॲप

ही चर्चा रंगली २००८ मध्ये. त्या वर्षी ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं आणि स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘आय-स्टॅनफर्ड’ नावाचं ॲप बांधलं. फोन नंबर, नकाशा, कोर्सची यादी, सगळं आयफोनवर! पुढच्याच वर्षी ब्लॅकबोर्ड या बड्या कंपनीनं त्या मुलांची कंपनी विकत घेतली. एकदम फिल्मी स्टोरी!

त्याच सुमारास एमआयटीनं वेगळी वाट धरली. त्यांनी मोबाइलवर चालणारी वेबसाइट बनवली. समोरचा फोन कोणता आहे ते ओळखायचं आणि त्याला झेपेल तेवढंच पान पाठवायचं. भारी फोनला सजवलेलं, साध्या फोनला नुसता मजकूर. बसच्या वेळा, नकाशा, इमर्जन्सी नंबर मात्र सगळ्यांना. थोडक्यात काय, तर विद्यार्थ्याच्या हातात जो फोन आहे, त्यावर काम झालंच पाहिजे.

उरवड्याला हाच हिशेब लागू पडतो. वर्षातून चार-पाच वेळा लागणाऱ्या कामासाठी फोनमध्ये कायमचं ॲप कोण ठेवणार? त्यातून मेमरी फुल्ल, फोन भावाबरोबर शेअर केलेला. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लिंक आली, टॅप केली, काम झालं! हलकं पान, मराठी मजकूर आणि एकदा उघडलेलं हॉल तिकीट रेंज गेल्यावरही दिसेल अशी सोय. एवढं जमलं तरी अर्धी लढाई जिंकली.

मग ॲप नकोच का? हवं ना, पण जिथे ते रोज उघडलं जातं तिथे. आयआयटी मुंबईचं ‘इन्स्टीॲप’ बघा. विद्यार्थ्यांनीच बांधलेलं. आज मेसमध्ये काय आहे, संध्याकाळी कोणता कार्यक्रम आहे, प्लेसमेंटची नोटीस लागली का, हे होस्टेलवरच्या मुलाला रोज लागतं. म्हणून ते ॲप फोनमध्ये टिकतं. निवासी कॅम्पसचं ॲप उचलून तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांवर चिकटवलं, तर ते आठवडाभरात डिलीट होणार.

दर्शनी भाग चकाचक, माजघरात गोंधळ

अमेरिकन व्यंगचित्रकार रँडल मन्रोनं २०१० मध्ये विद्यापीठांच्या वेबसाइटची झकास खेचली होती. दोन वर्तुळं. एकात विद्यापीठ काय दाखवतं, म्हणजे कॅम्पसचे फोटो, प्रमुखांचा संदेश वगैरे. दुसऱ्यात लोक काय शोधतात, म्हणजे फॉर्म, वेळापत्रक, फोन नंबर. दोन्हींत सामाईक काय? फक्त संस्थेचं नाव! आपल्याकडे त्यात स्कॅन केलेल्या परिपत्रकांची पीडीएफ जोडा. मोबाइलवर ती वाचायची म्हणजे भिंगच हवं.

पण खरा घोळ पडद्यामागे होतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचं ठरवलं. कल्पना चांगली, तयारी अपुरी. कायद्यात निकालासाठी ३० दिवस, फार तर ४५ दिवस सांगितलेत. इथे कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढच्या प्रवेशासाठी मार्कशीट हवी असलेली मुलं लटकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. निकालच तयार नसेल, तर जगातलं सर्वांत सुंदर ॲप तरी काय दाखवणार?

ऑक्टोबर २०२० मध्ये पुणे विद्यापीठाची अंतिम वर्षाची परीक्षा कोविडमुळे ऑनलाइन आणि ऑफलाइन अशी दोन्ही प्रकारे झाली. बहुपर्यायी प्रश्न आणि लॉगिनच होत नसल्याच्या तक्रारी! रेंज गेली तर काय, पेपर अर्ध्यात बंद पडला तर काय, फोन कुणाला करायचा, याची उत्तरं परीक्षेआधी लागतात. हेल्पलाइन आणि दुसरी संधी हेसुद्धा मोबाइल स्ट्रॅटेजीतच येतं, बरं का!

आपल्याला काय त्याचं?

असं म्हणू नका. नोकरी बदलताना बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले पदवी मागतात, तेव्हा आपणही पुन्हा त्याच खिडकीसमोर उभे असतो. २०१५ मध्ये आलेलं डिजिलॉकर आणि २०२१ मध्ये सुरू झालेली अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स यांमुळे कागदपत्रं मोबाइलवर मिळायची सोय झाली आहे. मात्र विद्यापीठानं नोंदी तिथे नीट चढवल्या, तरच! नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं असेल, तर अडलंच म्हणून समजा.

आणि हिंजवडीत बसून अशीच पोर्टल्स बांधणारे तुमच्यापैकी कितीतरी जण असतील. पुढचं टेस्टिंग एसीत बसून, ऑफिसच्या वायफायवर करू नका. दोन वर्षं जुना स्वस्त फोन घ्या आणि उरवड्याची बस पकडा.

ॲप काढण्याआधी पाच प्रश्न

* विद्यार्थी हे रोज उघडणार, की सेमिस्टरमधून दोनदा?
* स्वस्त फोनवर, कमी रेंजमध्ये पान उघडतं का?
* निकालाच्या दिवशी सगळे एकदम आले तर सर्व्हर तग धरेल का?
* पैसे कटले पण पावती आली नाही, तर विद्यार्थ्यानं कुणाला विचारायचं?
* स्मार्टफोन नसलेल्या मुलासाठी एसएमएस किंवा कॉलेजची खिडकी उघडी आहे ना?