वॉरंटीचे महिने आणि बॅटरीचं आयुष्य

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मलकापूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवतात. हे मलकापूर शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागतं ते. जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींच्या आईंना तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. पाऊस लागलेला, आई गाडीत बसलेल्या, दाजींनी किल्ली फिरवली आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. शेवटी आईंना छत्री धरून एसटी स्टँडवर नेलं. ७५ वर्षांच्या बाईंना ४५-५० किलोमीटर एसटीनं जाणं भाग पडलं.

संध्याकाळी दाजी दोन दुकानांतून भाव काढून आले. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे थोडे सरळ करून देतो. जुनी बॅटरी परत देऊन ‘अ’ बॅटरीची किंमत ३,६०० रुपये, वॉरंटी ‘१८+१८’ महिने. ‘ब’ बॅटरीची किंमत ५,१०० रुपये, वॉरंटी ‘२४+३६’ महिने. क्षमता दोन्हींची सारखीच, ३५ अँपिअर-तास.

“पावणं, यात विचार करण्यासारखं काय आहे?” दाजी म्हणाले. “अ ला ३६ महिने, म्हणजे महिन्याला १०० रुपये. ब ला ६० महिने, म्हणजे महिन्याला ८५. ब घ्यायची.”

गणिताच्या शिक्षकाचा भागाकार बरोबरच होता. प्रश्न एवढाच, की ज्यानं भागलं तो आकडा बरोबर होता का?

अधिक चिन्हाच्या दोन बाजू

‘२४+३६’ मधले दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. पहिल्या २४ महिन्यांत बॅटरीत दोष निघाला तर ती फुकट बदलून मिळते. पुढच्या ३६ महिन्यांत फुकट काही मिळत नाही. नवी बॅटरी घेताना सूट मिळते, आणि जसजसे महिने जातात तसतशी ही सूट कमी होत जाते.

शिवाय ही सूट सहसा छापील किमतीवर असते, आणि बॅटरी तर छापील किमतीपेक्षा बरीच खाली विकली जाते. समजा, ब ची छापील किंमत ६,४०० रुपये आहे आणि चाळिसाव्या महिन्यात २० टक्के सूट मिळते. सूट झाली १,२८० रुपये आणि भरायचे राहिले ५,१२०. तीच बॅटरी बाजारात जुनीच्या बदल्यात ५,१०० ला मिळते! वॉरंटीचा फायदा घेऊन २० रुपये जास्त गेले. सगळीकडे नेमकं असंच होईल असं नाही, पण दुकानदाराला ‘सूट कोणत्या किमतीवर?’ हे विचारायलाच हवं.

आता फक्त फुकट बदलून मिळण्याचे महिने धरून भागाकार करू. अ साठी ३,६०० ÷ १८ = २०० रुपये. ब साठी ५,१०० ÷ २४ = सुमारे २१२ रुपये. निकाल उलटला!

आणखी एक बारीक गोष्ट. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा नव्यानं सुरू होत नाही, मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजली जाते. म्हणून बिल आणि तारखेचा शिक्का असलेलं कार्ड जपून ठेवायचं.

बॅटरीच्या आत काय चालतं?

“पण वॉरंटी जास्त म्हणजे आयुष्य जास्त, हे तरी खरं ना?” दाजींचा पुढचा प्रश्न. याचं उत्तर द्यायला बॅटरीत डोकवावं लागेल.

गाडीची बॅटरी हे १८५९ साली गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानं शोधलेल्या शिसे-आम्ल घटाचंच सुधारलेलं रूप. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला, हँडल मारण्याचे कष्ट वाचले आणि बॅटरी गाडीचा आवश्यक भाग झाली.

बॅटरीत साधारण २.१ व्होल्टचे सहा घट एकामागे एक जोडलेले असतात. ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसं असतं, धन प्लेटवर शिसे डायऑक्साइड, आणि दोन्हींमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना पुढील क्रिया होते :

शिसे + शिसे डायऑक्साइड + सल्फ्युरिक आम्ल → शिसे सल्फेट + पाणी

चार्ज करताना ही क्रिया उलट दिशेनं होते. म्हणजे बॅटरी उतरली, की दोन्ही प्लेटांवर शिसे सल्फेट साठतं. ताजं असताना त्याचे स्फटिक अगदी बारीक असतात आणि चार्जिंगमध्ये पुन्हा मोडतात. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर हे स्फटिक हळूहळू मोठे होतात. पिठीसाखर पाण्यात पटकन विरघळते, खडीसाखरेच्या खड्याला वेळ लागतो, तसंच हे. मोठे स्फटिक चार्जिंगला दाद देत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग निकामी होतो. याला सल्फेशन म्हणतात.

बॅटरी संपण्याचा दुसरा मार्ग उष्णतेचा. धन प्लेटमधली शिशाची जाळी आम्लात सावकाश गंजत असते. तापमान वाढलं, की हा गंज वेगानं चढतो आणि पाणीही लवकर उडतं. ढोबळ नियम असा, की तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

दोन मलकापूर

महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावं एकाहून जास्त आहेत. त्यातलं एक बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं. तिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि बॉनेटखाली तर त्याहून जास्त. तिथल्या बॅटरीला मुख्य धोका गंजाचा. आमच्या शाहूवाडीच्या मलकापुरात हवा थंड आणि पाऊस भरपूर. इथे धोका वेगळाच. दाजींच्याच गाडीचा हिशेब पाहा.

स्टार्टर समजा १५० अँपिअर वीज २ सेकंद घेतो. म्हणजे ३०० कूलोम, अर्थात ०.०८३ अँपिअर-तास. दिवसातून दोनदा गाडी सुरू केली तर ०.१७. बंद गाडीतही घड्याळ, कुलपाची यंत्रणा वगैरे थोडी वीज खात असतात. ती ३० मिलिअँपिअर धरली तर २४ तासांत ०.७२ अँपिअर-तास. थांबलेली गाडी स्टार्टरच्या चौपटीहून जास्त वीज खाते!

एकूण रोजचा खर्च ०.८९. आता जमा पाहू. शाळा दीड किलोमीटरवर, जाऊन-येऊन दहा मिनिटं इंजिन चालतं. पावसात दिवे, वायपर आणि पंखा चालू असताना बॅटरीकडे ५ अँपिअर वळले असं धरू. जमा झाले ०.८३. म्हणजे रोज थोडी तूटच. त्यात मे महिन्याच्या सुट्टीत गाडी २० दिवस जागेवर होती, तेव्हा १४.४ अँपिअर-तास गेले, ३५ पैकी! शिवाय बॅटरी आपोआप उतरते ते वेगळंच. अशी अर्धवट उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, की सल्फेशनला मोकळं रान मिळतं.

दोन्ही मलकापुरांत वॉरंटीचं कार्ड मात्र एकच मिळतं. म्हणून वॉरंटी म्हणजे तुमच्या बॅटरीच्या आयुष्याचं भाकीत नव्हे. देशभरातल्या हजारो बॅटऱ्या कशा टिकतात ते पाहून, परत येणाऱ्या थोड्यांचा खर्च किमतीत धरून कंपनीनं केलेला तो करार आहे. त्यात अटीही असतात. नुसती उतरलेली बॅटरी सदोष मानत नाहीत, चार्ज करून परत देतात. टॅक्सीसाठी अनेकदा मुदत कमी असते.

मग निवड कशी करायची?

पहिली पायरी : बॅटरी खरोखर गेली आहे का, ते पाहा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्टमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. रिकामी असेल तर पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. नंतर स्टार्टर फिरत असताना मोजा. व्होल्टेज साडेनऊच्या बरंच खाली घसरलं तर बॅटरी थकली आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून मोजा. साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत (काही नव्या गाड्यांत हा आकडा बदलता असतो). इथे १२.५ च येत असतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा आहे, आणि नवी बॅटरीही लवकरच मान टाकेल. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि सैल क्लँप हेही आधी तपासावेत.

दुसरी पायरी : गाडीला सांगितलेलाच आकार, क्षमता आणि प्रकार घ्या. सिग्नलला आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाड्यांना खास प्रकारची बॅटरी लागते, तिथे साधी चालत नाही.

तिसरी पायरी : बॅटरी कधी तयार झाली ते पाहा. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही उतरत असते. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. सांकेतिक तारीख कळत नसेल तर दुकानदाराकडून उलगडून घ्या.

चौथी पायरी : किमतीला महागडीचं गुणोत्तर लावा. ५,१०० ÷ ३,६०० म्हणजे सुमारे १.४. ब परवडण्यासाठी ती अ च्या १.४ पट टिकायला हवी. अ जर ४२ महिने टिकली, तर ब ला जवळपास ६० टिकावं लागेल. रोज लांब अंतर चालणाऱ्या, नेहमी भरलेल्या बॅटरीच्या बाबतीत हे शक्य आहे, विशेषतः ब मध्ये प्लेटा जाड असतील तर. त्याच क्षमतेची बॅटरी वजनाला जड भरली, तर आत शिसं जास्त असण्याची शक्यता असते. पण जी बॅटरी सल्फेशननं मरणार आहे, तिच्या जाड प्लेटांचा उपयोग काय?

वर्गासाठी

शाळेतल्या सर्व शिक्षकांना आणि मुलांच्या पालकांना विचारा : मागची बॅटरी किती महिने टिकली? गाडी रोज किती चालते? वॉरंटी किती होती? सहा-सहा महिन्यांचे गट करून स्तंभालेख काढा. सरासरी कुठे येते आणि वॉरंटीचा आकडा कुठे येतो ते पाहा. रोज कमी चालणाऱ्या गाड्यांचा आलेख वेगळा काढला तर काय दिसतं? मोठ्या मुलांसाठी एक अवघड प्रश्न : ज्यांची बॅटरी अजून चालू आहे, त्यांची नोंद कशी धरायची? ती वगळली तर सरासरी खरी येईल का?

एक काळजी घ्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि आत आम्ल असतं, म्हणून जवळ काडी पेटवू नये. बॅटरी मुलांकडून उघडवू तर मुळीच नये. शिसं विषारी आहे. जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याला परत करावी, हे २००१ च्या नियमांनीच घालून दिलं होतं. त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमांत परत घेण्याची आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घरगुती भट्टीत शिसं वितळवलं, तर त्याची किंमत आसपासच्या मुलांना मोजावी लागते.

दाजींनी काय केलं?

आम्ही जुनी बॅटरी रात्रभर चार्ज केली. सकाळी १२.४ व्होल्ट होते, पण स्टार्टर फिरताच काटा ९ च्या खाली गेला. अल्टरनेटर १४.१ दाखवत होता. ५२ महिन्यांची बॅटरी खरोखरच संपली होती.

दाजींनी अ घेतली, महिन्याभरापूर्वी तयार झालेली. जन्मजात दोष असेल तर तो बहुधा लवकरच दिसतो, आणि त्यासाठी १८ महिने पुरेसे आहेत. वाचलेल्या १,५०० रुपयांतून एक मल्टिमीटर आणि एक लहान चार्जर आला. दर रविवारी आंब्यापर्यंत एक फेरी आणि सुट्टीत गावाला जाताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवायची, असं ठरलं. (गाडीच्या पुस्तिकेत तार काढायला हरकत नसल्याचं आधी पाहून घ्यावं.)

“आणि ४२ महिन्यांनी?” मी विचारलं.

“तोपर्यंत थांबतो कशाला?” दाजी म्हणाले. “दर महिन्याच्या एक तारखेला मोजणार. आकडा उतरायला लागला, की आईच्या तपासणीच्या आधीच बदलणार. वॉरंटीतून बॅटरी मिळेल हो, पण त्या दिवशी आईला पुन्हा एसटीनंच जावं लागेल.”

गाडीच्या कप्प्यात आता एक वही आहे. तिच्यात पहिली नोंद आहे : १ जुलै, सकाळी सहा, १२.७ व्होल्ट.