गॅस विकणाऱ्यानेच गॅस वाचवायचा

किराणा दुकानदार कधी म्हणेल का, "ताई, या महिन्यात तेल जरा कमीच न्या"? नाही म्हणणार. विक्री घटली की त्याची कमाई घटते. पण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गॅस कंपन्यांना कायद्याने असंच वागावं लागतं.

तिथला हिवाळा फार कडक. पाणी गोठतं. बहुतेक घरं नळाने येणाऱ्या गॅसवर उबदार ठेवतात, त्यामुळे बिलही मोठं येतं. २००७ साली राज्याने कायदा केला, की कंपनीने आपल्या सरासरी विक्रीच्या दीड टक्का गॅस दरवर्षी ग्राहकांकडे वाचवून दाखवायचा. म्हणजे हजार मापं विकली, तर पंधरा वाचवायची. २०२१ साली गॅससाठी हे उद्दिष्ट एक टक्का झालं.

वाचवायचं म्हणजे लोकांनी थंडीत कुडकुडायचं नाही. घराच्या फटी बुजवायच्या, छताला ऊब धरून ठेवणारा थर लावायचा, कमी गॅस खाणारं यंत्र घेणाऱ्याला सूट द्यायची. ऊब तेवढीच, गॅस कमी. कंपनी तीन वर्षांचा आराखडा देते. सरकारी खातं तो तपासून मंजूर करतं. बचत कशी मोजायची, तेही ठरलेलं असतं.

मग कंपनीचा तोटा? त्यावरही तोड आहे. कंपनीचं ठरलेलं उत्पन्न विक्रीपासून वेगळं करता येतं. विक्री घटली तर दर थोडा वाढवून भरपाई होते, जास्त वसुली झाली तर ग्राहकाला परत मिळते. कॅलिफोर्नियाने गॅससाठी ही पद्धत १९७८ सालीच आणली.

आता खरी मेख. या योजनांचा पैसा येतो सगळ्यांच्या बिलातून. नवं यंत्र फक्त ऐपत असलेल्यांनीच घेतलं, तर गरिबाच्या पैशाने श्रीमंताचं घर उबदार होईल. म्हणून काही रक्कम कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर, भाडेकरूंवरसुद्धा, खर्च करण्याचं बंधन कायद्यातच घातलं आहे.

आपल्याकडे नळ नसेल, सिलिंडर असेल. तरी बचतीची कोणतीही योजना गावात आली, की गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा: किती वाचणार आणि ते कोण मोजणार? पैसा कोणाच्या खिशातला? आणि जिची ऐपत सगळ्यांत कमी, तिच्या घरापर्यंत काय पोहोचणार?

उत्तरं मिळेपर्यंत सही करायची घाई नको.