गाडीचे गुडघे

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा. हातात खडू असतो, पाना नसतो. समास सोडवणे आणि नट सोडवणे यांत किती अंतर आहे, हे मला गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, पनवेलच्या आमच्या अंगणात चांगलेच उमगले.

त्याचे असे झाले. वडिलांनी १९९७ साली घेतलेली मारुती ८०० आमच्याकडे आहे. वडील गेले, गाडी राहिली. या गाडीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या एका ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत किती घरांत पहिल्या गाडीला हळदकुंकू लागले ते या गाडीच्याच कपाळी!

आमचे मामा पेणला असतात. दर भाऊबिजेला ते पनवेलला येत. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. आईने ठरवले, आपणच जायचे आणि ओवाळायचे. तेही ‘ह्यांच्या’ गाडीतून.

पण गाडीला पावसाळा बाधला होता. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले की डाव्या चाकापाशी टक्‌-टक्‌ सुरू होई. कर्नाळ्याच्या वळणावर चक्र हातात थरथरे. गॅरेजवाल्याने दिवाळीनंतरची तारीख दिली. सौ. म्हणाली, “अहो, आता दुसरी गाडी बघा.” आई काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला पुरेसे होते.

शेजारी एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते म्हणाले, “सर, आवाज ऐकून रोग कळत नाही. हात लावून बघायचा.” त्यांनी बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी; आमची तीन-चार वेळा डोलली. म्हणजे शॉक-अॅब्सॉर्बर संपले. मग खालच्या दांड्याला पहारेने हलकेच ढकलले. दांडा खडखडला. म्हणजे त्याचा रबरी बुश झिजला.

हा सगळा कारभार तसा सोपा आहे. चाक एका उभ्या खांबाला बांधलेले असते. त्या खांबातच शॉक-अॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. खालून चाकाला धरून ठेवतो तो लोअर आर्म. स्प्रिंग खड्ड्याचा धक्का झेलते, शॉक-अॅब्सॉर्बर तिची उसळी आवरतो आणि बुश लोखंडाला लोखंडावर आपटू देत नाही. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांत ती आली. भाग थोडे, जागा कमी, खर्च बेताचा. म्हणूनच ती लहान गाड्यांना मानवली. आई हे ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे गाडीचे गुडघेच गेले म्हण की! माझ्यासारखे.”

रविवारी सकाळी कामाला लागलो. काकांचा पहिला नियम: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. मागच्या चाकांना विटा लावल्या, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक लावून खाली लोखंडी घोडी दिली. चिरंजीवांनी जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरले आणि निघालेला प्रत्येक नट त्यावर ओळीने मांडला. सत्तावीस वर्षांचा गंज! तेल घालून अर्धा तास थांबावे लागले. माझ्या बोटांची साले निघाली.

काका एका गोष्टीला ठाम होते. खांबावरची स्प्रिंग घरी सोडवायची नाही. ती दाबून बसवलेली असते. वरचा नट नुसता काढला तर उसळून माणसाचा जबडा फोडील. ती दाबून धरण्याचे यंत्र लागते. म्हणून दोन्ही खांब उचलून बाजारात एका मिस्त्रीकडे नेले. तिथे नवे शॉक-अॅब्सॉर्बर बसवून घेतले. दोन्ही बाजूंचे एकदमच, कारण एक नवा नि एक जुना असला तर गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढते.

दुसरा धडा बुशाचा. मी अधीरपणे त्याचा बोल्ट हवेतच आवळू लागलो. काकांनी हात धरला. “चाक लोंबकळत असताना आवळलात, तर गाडी खाली उतरली की रबर पिळवटून राहील आणि लवकर फाटेल. आधी गाडीचे वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा.”

तसेच केले. संध्याकाळी गाडी चार पायांवर उभी राहिली. बोल्ट आवळले, हात धुतले आणि मी चक्कर मारायला किल्ली घेतली. आई पायरीवर बसून वर्तमानपत्राची घडी करत होती. तिने काही तरी उचलून दाखवले. “अरे, ही नवी राहिली की.”

ती होती स्प्लिट पिन. स्टॅबिलायझर बारचे टोक लोअर आर्ममध्ये जिथे अडकवलेले असते, तिथला नट सैल होऊन निसटू नये म्हणून तिचे पाय वाकवून ठेवतात. आम्ही नव्या दोन आणल्या होत्या. एक उजवीकडे बसली होती. दुसरी कागदावर. नट निसटला असता तर लोअर आर्मला पुढून-मागून धरणारे काही उरले नसते. कर्नाळ्याच्या वळणावर. आणि शेजारच्या आसनावर आई.

मी मुकाट्याने चाक पुन्हा काढले. काकांनी एक अक्षर काढले नाही. बॅटरी धरून उभे राहिले. पिन बसवली, पाय वाकवले आणि मग प्रत्येक नटाला चिरंजीवांनी खडूने एकेक रेघ मारली. घरात खडूचा असा उपयोग प्रथमच झाला. दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. खांब काढले की तेही बदलते.

भाऊबिजेला आम्ही पेणला गेलो. वाटेत टक्‌-टक्‌ नव्हती. खड्डे होतेच, पण गाडी ते गिळत होती. मामांना उठता आले नाही. आईने पाटाऐवजी पलंगाच्या कडेला बसून ओवाळले. दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत.

येताना आई म्हणाली, “आता पुढच्या वर्षीही नेशील ना?”

गेल्या रविवारी मी गाडीखाली डोकावून पाहिले. घोडी लावून, अर्थात. खडूच्या रेघा पावसात पुसल्या आहेत. पिन जागेवर आहे. यंदाही पेणला जायचे आहे.