मुलींचे फुटबॉल : निवडक लीग आणि खेळाडूंची घडण

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची फिफा विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भुवनेश्वर येथील गटसामन्यांत यजमान संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ व ब्राझीलकडून ०-५ असा पराभूत झाला. अशा पराभवाचे कारण शरीरयष्टीत शोधण्याची प्रथा आहे. ते अपुरे होय. अधिक मूलभूत प्रश्न असा की, बारा ते पंधरा या वयात मुलीच्या वाट्याला वर्षाकाठी किती सामने येतात?

शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा क्रमाने व बहुधा बाद पद्धतीने होतात. आठ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सात सामने होतात आणि चार संघ एकाच सामन्यानंतर घरी परततात. तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळल्यास अठ्ठावीस सामने होतात व प्रत्येक संघास सात मिळतात. बाद पद्धत विजेता निवडण्यास सोयीची आहे. परंतु ज्या संघाला सरावाची सर्वाधिक गरज, त्यालाच ती सर्वांत आधी बाहेर काढते.

अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शाळा-महाविद्यालयांत मुलींच्या खेळाचा पाया रुंदावला. त्यावर २००९ मध्ये ‘एलिट क्लब्ज नॅशनल लीग’ उभी राहिली. पुढे २०१७ मध्ये तेथील राष्ट्रीय महासंघाने मुलींसाठी स्वतंत्र ‘डेव्हलपमेंट अकादमी’ काढली व खेळाडूंना शालेय संघांतून खेळण्यास सामान्यतः मनाई केली. अवघ्या तीन वर्षांत, २०२० मध्ये, ती बंद पडली. निवडक लीगचा खर्च मोठा असतो, तो बव्हंशी पालकांवर पडतो, आणि निवडीची चाळणी लवकर लावल्याने उशिरा वाढणाऱ्या मुली गळतात. भारतात २०१६-१७ पासून इंडियन विमेन्स लीग चालते; म्हणजे शिखर आहे, पायथा विरळ आहे.

नागपुरात या पायथ्याचे एक उदाहरण उपलब्ध आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केले. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले व पुढे मुलीही त्यात खेळू लागल्या. ‘झुंड’ (२०२२) या चित्रपटाने ते सर्वदूर पोहोचविले. येथे निवडीपेक्षा सहभाग आधी आला, हे लक्षणीय आहे.

हुडकेश्वरसारख्या, नव्या लेआउटांनी झपाट्याने भरत चाललेल्या दक्षिण नागपुरातील भागात आठ शाळांची साखळी कल्पिता येते. एका मैदानावर दर रविवारी चार सामने घेतल्यास सात रविवारांत ती पूर्ण होते. परतीच्या फेरीसह चौदा. विदर्भातील उन्हाळा टाळून पावसाळ्यानंतर जानेवारीपर्यंत हे बसते. अडचण मैदानाची अधिक आहे : मोकळे भूखंड एकदा बांधले गेले की परत मिळत नाहीत.

सामने वाढविताना दुखापतींचा विचार अनिवार्य ठरतो. मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा मुलांपेक्षा अधिक आढळते. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवरील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस मिनिटांच्या ठरावीक पूर्वव्यायामाने दुखापती सुमारे एक-तृतीयांश घटल्या. हा व्यायाम पुढे ‘फिफा ११+’ म्हणून प्रचारात आला. त्यास साहित्य म्हणून फक्त चेंडू लागतो आणि शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयीन विद्यार्थी तो शिकवू शकतात. साखळीतील पंचाचे कामही त्यांच्याकडेच सोपविता येईल.